चित्रात नसलेली बायको



आजचं बोलणं एका चित्राबद्दल आहे. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून ते मी शब्दांत उभं करते. तुम्ही हातातलं काम चालू ठेवा. शेंगा निवडा, शिवण करा, भाकरी थापा. फक्त कान इकडे द्या.

लंडनला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी नावाचं मोठं संग्रहालय आहे. तिथे इंग्लंडच्या इतिहासातल्या माणसांची चित्रं जपून ठेवलेली आहेत. त्यातलं हे एक चित्र. उंची साधारण सव्वातीन फूट, रुंदी अडीच फूट. म्हणजे आपल्या घरातल्या खिडकीएवढं. चित्रात एक माणूस खुर्चीत बसलाय. वय पन्नाशीच्या पुढचं. डोक्यावर काळी टोपी, अंगात पांढऱ्या फुगीर बाह्यांचं वस्त्र, त्यावर काळा झगा, गळ्याशी जनावराच्या मऊ केसाळ कातडीची पट्टी. बोटात अंगठी. दाढी केलेली आहे, पण गालावर खुंट उगवलेले दिसतात, इतकं बारीक काम आहे. दोन्ही हातांत पुस्तक धरलंय. समोर मेजावर आणखी पुस्तकं आणि कागद पडलेत. मागे कोरीव कामाची खिडकी आहे आणि तिच्या एका काचेला तडा गेलाय.

या माणसाचं नाव थॉमस क्रॅन्मर. तो कँटरबरीचा आर्चबिशप होता. आर्चबिशप म्हणजे बिशपांच्याही वरचा धर्मगुरू. इंग्लंडच्या चर्चमध्ये राजाच्या खालोखाल कँटरबरीच्या आर्चबिशपचा मान. या चर्चला अँग्लिकन चर्च म्हणतात. हे चित्र १५४५ किंवा १५४६ सालचं आहे. साधारण याच शतकात आपल्याकडे पैठणला संत एकनाथ होऊन गेले. म्हणजे काळ किती जुना ते लक्षात येईल.

तुम्ही म्हणाल, ताई, पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या साहेबाच्या चित्राशी आपला काय संबंध? संबंध आहे, पण तो चित्रात जे दिसतंय त्याच्याशी कमी आणि जे दिसत नाही त्याच्याशी जास्त आहे. या माणसाला बायको होती, मूल होतं. पण हे चित्र काढलं तेव्हा इंग्लंडमध्ये धर्मगुरूला बायको असणं हा गुन्हा होता.

आधी चित्र कसं तयार झालं ते सांगते, कारण त्यात आपल्या ओळखीची एक वस्तू आहे. या चित्राला तैलचित्र म्हणतात. तैल म्हणजे तेलातलं. हे तेल आपल्या जवसाचं! ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच जवसाच्या तेलात रंगाची पूड खलून हे रंग तयार करत. शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवलं तरी ओलंच राहतं. जवसाच्या तेलाचं तसं नाही. त्याला हवा लागली की ते हळूहळू घट्ट होतं आणि कातडीसारखा चिवट थर धरतं. म्हणून त्यातला रंग शेकडो वर्षं टिकतो. शिवाय ते सावकाश सुकतं, त्यामुळे चित्रकाराला गालावरची सावली, डोळ्याखालची सुरकुती, दाढीचे खुंट असं सगळं निवांत रंगवता येतं. त्या काळात कापडाऐवजी लाकडी फळीवर चित्र काढायची पद्धत होती. फळीवर आधी खडू आणि सरस यांचा लेप द्यायचा, तो घासून गुळगुळीत करायचा, मग वर रंग. आपण भिंत सारवून मग त्यावर रांगोळी किंवा चित्र काढतो, तसंच.

चित्रकाराचं नाव गेरलाख फ्लिके. हा जर्मनीतल्या ओस्नाब्रुक गावचा माणूस, लंडनला येऊन चित्रं काढून पोट भरणारा. पुढे १५५४ साली तो स्वतः तुरुंगात पडला. तिथे त्यानं आपलं आणि सोबतच्या एका कैद्याचं छोटंसं चित्र काढलं आणि त्यावर लिहून ठेवलं की, आपल्या माघारी मित्रांना आपली आठवण राहावी म्हणून हे काढलंय. विचार करा, तुरुंगात बसलेल्या माणसालाही वाटलं की आपला चेहरा मागे राहावा. चेहरा मागे राहणं, नाव मागे राहणं ही गोष्ट माणसाला फार मोलाची वाटते. ती कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या नाही, हाच आजचा मुद्दा आहे.

आता क्रॅन्मरची गोष्ट. त्याचा जन्म १४८९ सालचा. केंब्रिजला शिकला, तिथेच शिकवायला लागला. तरुणपणी त्यानं जोन नावाच्या एका मुलीशी लग्न केलं. तिथल्या नियमाप्रमाणे लग्न झालेल्याला ती जागा ठेवता येत नसे, म्हणून त्याची नोकरी गेली. वर्षभरात जोन पहिल्या बाळंतपणात वारली, बाळही गेलं. मग विद्यालयानं त्याला परत घेतलं. जोनबद्दल इतिहासात एवढंच येतं. लग्न, बाळंतपण, मरण. आपल्या पणजीच्या पिढीतल्या किती बायांची गोष्ट अशीच दोन ओळींत संपते, ते तुम्हाला माहीत आहे.

पुढे क्रॅन्मर धर्मगुरू झाला. त्या काळी सगळा पश्चिम युरोप रोमच्या पोपला मानायचा आणि पोपच्या चर्चमध्ये धर्मगुरूला लग्न करायला बंदी होती. तेव्हा इंग्लंडचा राजा होता आठवा हेन्री. त्याच्या राणीचं नाव कॅथरीन. १५०९ साली त्यांचं लग्न झालं. कॅथरीनला बरीच बाळंतपणं झाली, पण जगली एकच मुलगी, मेरी. राजाला मुलगा हवा होता. त्याचं मन ॲन बोलिन या दुसऱ्या बाईवर बसलं होतं. त्यानं म्हणायला सुरुवात केली की, कॅथरीन ही आधी माझ्या भावाची विधवा होती, तेव्हा आमचं लग्न मुळात धर्माला धरून झालंच नाही. सतरा-अठरा वर्षांच्या संसारानंतर हे सुचलं!

पोप काही ऐकेना. मग राजानं आपल्या बाजूनं बोलणारी शिकलेली माणसं गोळा केली. त्यात क्रॅन्मर पुढे आला. १५३२ साली राजानं त्याला वकील म्हणून सम्राटाच्या दरबारी जर्मनीला पाठवलं. तिथे न्यूरेंबर्ग शहरात नव्या विचाराचे धर्मगुरू होते. त्यांना आपण प्रोटेस्टंट म्हणतो. ते उघड लग्न करून संसार करायचे. त्यातल्या ऑसियांडर नावाच्या धर्मगुरूच्या घरी क्रॅन्मरचं येणं-जाणं झालं आणि त्याच्या बायकोची भाची मार्गारेटे हिच्याशी क्रॅन्मरनं लग्न केलं. स्वतः धर्मगुरू असून, इंग्लंडचा नियम मोडून.

आणि नशिबाची गंमत बघा. त्यानंतर थोड्याच महिन्यांत इंग्लंडचे म्हातारे आर्चबिशप वॉरहॅम वारले आणि राजानं क्रॅन्मरला बोलावणं धाडलं की, आता तू आर्चबिशप हो. मार्च १५३३ मध्ये त्याला पद मिळालं. मे महिन्यात त्यानं निकाल दिला की, राजा आणि कॅथरीन यांचं लग्न झालंच नव्हतं. १ जूनला ॲन बोलिनच्या डोक्यावर राणीचा मुकुट ठेवला, तोही त्याच्याच हातानं.

मैत्रिणींनो, हा घटस्फोट नव्हता हं. घटस्फोटात निदान लग्न झालं होतं हे तरी मान्य असतं. इथे कॅथरीनला सांगितलं गेलं की, तू कधी बायको नव्हतीसच. सतरा वर्षांच्या मेरीला सांगितलं गेलं की, तू औरस नाहीस. कॅथरीननं हे शेवटपर्यंत मानलं नाही. मीच राणी, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली. १५३६ च्या जानेवारीत ती गेली. त्याच वर्षी मे महिन्यात राजाचं मन ॲनवरूनही उडालं. तिच्यावर व्यभिचाराचे आरोप ठेवले. क्रॅन्मरनं राजाला पत्र लिहून तिच्याबद्दल चांगले शब्द काढले, पण हातचं राखून. आणि मग तिचंही लग्न रद्द ठरवलं. दोन दिवसांनी तिचं डोकं उडवण्यात आलं. तिची मुलगी एलिझाबेथ तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. तीही आता अनौरस.

म्हणजे दुसऱ्याच्या दोन बायका कागदावरून पुसून टाकणारा हा माणूस, आणि त्याची स्वतःची बायको? ती त्याच्या घरात लपून होती. आर्चबिशपच्या वाड्यात मेजवान्या होत, मोठमोठे लोक येत-जात. त्यात आर्चबिशपची बायको म्हणून ती कुठे नव्हती. भाषा परकी, गाव परकं आणि उघडपणे नवरा म्हणायची सोय नाही.

१५३९ साली आणखी कठीण झालं. राजानं पोपशी नातं तोडलं होतं, तरी जुन्या चालीरीती त्याला हव्या होत्या. त्यानं सहा कलमांचा कायदा आणला. त्यात एक कलम असं की, धर्मगुरूनं लग्न करणं हा मरणाच्या शिक्षेचा गुन्हा. क्रॅन्मरनं या कायद्याला सभेत विरोध केला, पण कायदा झालाच. तेव्हा त्यानं मार्गारेटेला जर्मनीला परत पाठवून दिलं.

याच काळातली एक गोष्ट इंग्लंडात सांगितली जाते. क्रॅन्मर बायकोला एका पेटीत घालून गावोगाव नेत असे आणि श्वास घेता यावा म्हणून पेटीला भोकं पाडली होती, अशी. ही गोष्ट त्याच्या शत्रूंनी पसरवली. इतिहासकार ती खरी मानत नाहीत. पण बघा हं, हसायला म्हणून रचलेल्या गोष्टीतसुद्धा हास्यास्पद झाली ती बाईच. नवऱ्यानं लपवलं, कायद्यानं लपवायला लावलं आणि लोक हसले ते पेटीतल्या बाईला.

आता परत चित्राकडे येऊ. हा कायदा अंमलात असतानाच फ्लिकेनं हे चित्र काढलं. या माणसाच्या आधीचे आर्चबिशप वॉरहॅम, त्यांचंही एक प्रसिद्ध चित्र आहे. १५२७ साली हान्स होल्बाइन या नामांकित चित्रकारानं ते काढलं. वॉरहॅमच्या चित्रात सोन्याचा क्रूस आहे, रत्नजडित टोप आहे. क्रॅन्मरच्या चित्रात सोनं नाही, टोप नाही. त्याऐवजी पुस्तकं आहेत. हातातलं पुस्तक बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रांचं. मेजावरचं एक पुस्तक संत ऑगस्टीनचं, श्रद्धा आणि कर्म या विषयावरचं. माणूस तरतो तो श्रद्धेनं की दानधर्म, व्रतं, यात्रा यांनी, हा तेव्हाचा मोठा वाद होता. या चित्रातून क्रॅन्मर न बोलता सांगतोय की, मी जुन्या थाटाचा धर्मगुरू नाही, मी ग्रंथ वाचणारा, नव्या विचाराचा आहे.

मोठ्या माणसाचं असं चित्र म्हणजे नुसता चेहरा नसतो, ते एक निवेदनच असतं. कुठली वस्तू ठेवायची, कुठली काढायची, हे ठरवून केलेलं असतं. नवे विचार दाखवायला त्याच्याकडे पुस्तकं होती. पण त्याच नव्या विचाराचा सगळ्यात मोठा जिवंत पुरावा म्हणजे त्याची बायको. तिला चित्रात जागा मिळणं शक्यच नव्हतं. पुस्तक दाखवलं तर मान मिळतो, बायको दाखवली तर गळा जातो.

१५४७ मध्ये हेन्री राजा मेला. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि राज्यकारभार नव्या विचाराच्या लोकांच्या हातात गेला. क्रॅन्मरनं दाढी वाढवली. एक तर राजाचं सुतक म्हणून आणि दुसरं, जुन्या गुळगुळीत दाढीच्या धर्मगुरूंपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला म्हणून. नंतरच्या चित्रांत त्याची लांब पांढरी दाढी दिसते. १५४९ साली कायदा झाला की धर्मगुरूंना लग्न करता येईल. सतरा वर्षांनी मार्गारेटे कायद्यानं बायको झाली.

त्याच वर्षी क्रॅन्मरनं तयार केलेलं प्रार्थनेचं पुस्तक आलं. तोवर चर्चमधल्या प्रार्थना लॅटिनमध्ये होत्या, सामान्य माणसाला त्यातलं काही कळत नसे. त्यानं त्या लोकांच्या इंग्रजी बोलीत आणल्या. आपल्याकडे संतांनी संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणलं, त्या जातीचंच हे काम. त्या पुस्तकात लग्नाचा विधीही आहे. लग्न कशासाठी, याची जुनी कारणं म्हणजे मुलंबाळं व्हावीत आणि माणूस वाईट वाटेला लागू नये. क्रॅन्मरनं त्यात तिसरं कारण जोडलं. सुखात आणि दुःखात दोघांना एकमेकांची सोबत, मदत आणि धीर मिळावा, हे. सतरा वर्षं लपूनछपून संसार केलेल्या माणसानं ते लिहिलं. मात्र त्याच विधीत नवरीनं नवऱ्याची आज्ञा पाळीन असं म्हणायचं होतं आणि नवऱ्यानं तसं म्हणायचं नव्हतं. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं थोडं काढून घेतलं.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे बोलणं एकतर्फी होईल. जोन बोचर नावाची एक बाई होती. धर्माबद्दल तिचं स्वतःचं वेगळं मत होतं आणि ती ते सोडायला तयार नव्हती. क्रॅन्मर ज्या न्यायसभेचा मुख्य होता, तिनं या बाईला दोषी ठरवलं. १५५० च्या मे महिन्यात तिला जिवंत जाळलं. स्वतःच्या विचारस्वातंत्र्यासाठी झगडणारा माणूस दुसऱ्याला, त्यातून एका बाईला, ते स्वातंत्र्य देईलच असं नसतं.

१५५३ मध्ये एडवर्ड कोवळ्या वयात वारला आणि राणी झाली कोण? मेरी! जिच्या आईला क्रॅन्मरनं तू बायकोच नव्हतीस असं सांगितलं होतं, तीच मुलगी. तिनं जुना धर्म परत आणला. धर्मगुरूंच्या लग्नाचा कायदा रद्द केला. क्रॅन्मरला कैद झाली. त्याच्यावरच्या आरोपांत त्याची दोन लग्नंही होती. मार्गारेटे जर्मनीला निसटली. तुरुंगात क्रॅन्मर खचला. आपली मतं चुकीची होती, असं त्यानं एकदा नव्हे, अनेकदा लिहून दिलं. तरीही त्याला जाळायचंच ठरलं. २१ मार्च १५५६ या दिवशी ऑक्सफर्डला, शेवटचं बोलायला उभं केल्यावर त्यानं सगळे माफीनामे मागे घेतले आणि म्हणाला की, ज्या हातानं मी मनाविरुद्ध सही केली तो हात आधी जळेल. आणि खरोखर उजवा हात त्यानं आधी आगीत धरला. चित्रात पुस्तक धरलेला हात तो हाच. मेरीच्या राज्यात सुमारे २८० माणसांना जाळलं गेलं, त्यात पन्नासहून जास्त बाया होत्या.

मार्गारेटेचं पुढे काय झालं? ती जगली. तिनं एडवर्ड व्हिटचर्च याच्याशी लग्न केलं. हा छापखानेवाला, क्रॅन्मरचं प्रार्थनेचं पुस्तक ज्यांनी छापलं त्यांतला एक. तोही वारल्यावर तिनं तिसरं लग्न केलं. राजे बदलले, कायदे बदलले, नवरे गेले, पण बाई तगली. आपल्याकडे म्हणतात ना, लव्हाळे वाचती.

आता तिच्या आयुष्याचा हिशेब मांडू या. १५३२ मध्ये तिचं लग्न झालं, पण ते लपवायचं. १५३९ मध्ये तेच लग्न मरणाचा गुन्हा. १५४९ मध्ये तेच लग्न कायदेशीर. १५५३ मध्ये तेच लग्न परत बेकायदा. नवरा तोच, बायको तीच. तिनं काही केलं नाही. दर वेळी दुसऱ्या कुणीतरी कुठल्या तरी सभेत बसून ठरवलं की, ही आज बायको आहे की नाही. त्या सभेत एकही बाई सभासद नव्हती.

मेरीनंतर एलिझाबेथ राणी झाली, ॲन बोलिनची मुलगी. बाई गादीवर आली म्हणून धर्मगुरूंच्या बायकांचं भलं झालं का? तसंही नाही. तिलाही विवाहित धर्मगुरू आवडत नसत. १५६१ साली तिनं हुकूम काढला की, मोठ्या चर्चच्या आवारात धर्मगुरूंनी बायका ठेवू नयेत. असं सांगतात की, तिच्या आर्चबिशपच्या घरी ती पाहुणी गेली, त्याच्या बायकोनं उत्तम पाहुणचार केला, तर निघताना राणी तिला म्हणाली की, तुला बाईसाहेब म्हणवत नाही आणि दुसरं काही म्हणायची लाज वाटते, तेव्हा तुला काय म्हणावं कळत नाही. खाल्ल्या घरचं मीठ बाजूला ठेवून बोलली! १५४९ चा तो कायदा पुन्हा लागू व्हायला १६०४ साल उजाडलं.

या चर्चचा महाराष्ट्राशीही संबंध आला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज गावी याच अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुषांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं त्यांना पटेना. रमाबाईंनी गप्प बसून मान हलवली नाही. आपण आपल्या बुद्धीनं चालणार, असं त्यांनी पत्रांतून ठणकावून सांगितलं. नंतर त्यांनी मुंबईला शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि तिथल्या बायांनी छापखान्यात अक्षरं जुळवायचं कामसुद्धा केलं. आपल्याकडच्या अँग्लिकन मंडळ्या १९७० साली नागपूरला झालेल्या सोहळ्यात इतर काही मंडळ्यांबरोबर एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या.

आणि इंग्लंडात काय झालं? १९९४ साली ब्रिस्टलला पहिल्यांदा ३२ बायांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. २०१५ मध्ये लिबी लेन या पहिल्या महिला बिशप झाल्या. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये १०६ व्या कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या आधी नर्स होत्या, पुढे सगळ्या इंग्लंडच्या नर्सेसच्या प्रमुख झाल्या. ज्या पदावरच्या माणसाची बायको चित्रात यायची सोय नव्हती, त्या पदासाठी एका बाईची निवड झाली. याला जवळजवळ पाचशे वर्षं लागली.

मैत्रिणींनो, हे सगळं ऐकून मला दोन गोष्टी तुमच्यापुढे ठेवायच्या आहेत.

पहिली गोष्ट, चित्र किंवा फोटो कसा बघायचा. शाळेत, ग्रामपंचायतीत, बँकेत, देवळात आपण भिंतीवर फोटो बघतो. नमस्कार करतो आणि पुढे जातो. आता जरा थांबून चार प्रश्न विचारा. कोण दिसतंय? हातात काय दिलंय? हा फोटो कुणाच्या खर्चानं लागला? आणि कोण दिसत नाही? विहीर खणली तेव्हा माती कुणी वाहिली, शाळेसाठी जागा दिली तेव्हा त्या घरची बाई काय म्हणाली, हे चौथ्या प्रश्नातून निघतं. ज्यांचे फोटो आहेत त्यांचा मान कमी करायचा नाही. मोकळी जागा कुठे आहे ते ओळखायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मार्गारेटेचं लग्न खरं होतं, पण कागद तिच्या बाजूनं नव्हता, म्हणून तिला लपावं लागलं. नातं कितीही खरं असलं तरी संकटात विचारला जातो तो कागद. आपल्या गटातल्या किती जणींकडे लग्नाच्या नोंदणीचा दाखला आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, घराच्या नोंदीत, नवऱ्याबरोबर तुमचं नाव आहे का? रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का? नवरा चांगला आहे, मग कशाला, असं म्हणू नका. क्रॅन्मरचा बायकोवर जीव होता, पण त्यानं तिचं रक्षण झालं नाही. मायेची माणसं मरतात, राज्यं बदलतात, दीर-भाऊ बदलतात. नोंद राहते.

येत्या मासिक बैठकीत कर्जाची चर्चा झाली की अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकीनं तीन कागद आणायचे. लग्नाचा दाखला, घराचा उतारा, रेशनकार्ड. कुणाचं नाव कुठे नाही, याची यादी गटाच्या वहीत लिहा. सचिव ताईंनी ठराव करावा आणि ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांनी एकट्यानं न जाता चार-पाच जणींनी मिळून ग्रामपंचायतीत जावं. आणि वहीत नावं लिहिताना अमक्याची बायको, तमक्याची सून असं लिहू नका. प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा, आणि ज्यांना येतं त्यांनी सही स्वतःच्या हातानं करा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.